पलीकडचा खांदा

१

लुंबिनीच्या आत्याची आजही समजूत आहे, की पोरगी लातुरात कुठल्यातरी कॅफेत बसून असते. सुट्टीला अहमदपूरला गेली की गल्लीतल्या बाया विचारतात, "दिवसभर गेम खेळतीस म्हणं? आन् त्याचा पगार देतेत?" लुंबिनी "हाव" म्हणते आणि विषय मिटवते, कारण खरं सांगायला जावं तर ते आणखीच खोटं वाटतं. गेम खेळणं निराळं आणि तपासणं निराळं. खेळणारा दारातून आत जातो. तपासणारा दार सोडून बाकी सगळीकडून आत जायला बघतो, आणि जाता आलं तर बनवणाऱ्याला कळवतो की तुमच्या घराला इथे भोक आहे.

ऑफिस ट्यूशन एरियात, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी त्या हॉलमध्ये केमिस्ट्रीचा क्लास चालायचा. क्लासवाले फळा काढून घेऊन गेले, त्याचा हिरवट चौकोन तेवढा भिंतीवर मागे राहिला. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, आणि वर एक म्हातारा पंखा, जो प्रत्येक फेरीला एकदा खटक् करायचा. खाली मुलांची मेस होती, त्यामुळे जेवणाच्या आधी फोडणीचा ठसका जिन्याने वर यायचा आणि सगळ्यांचं लक्ष एकदमच उडायचं.

माणसंही चारच. वर्षाराणी मॅडम मूळ उदगीरच्या. पुण्यातली नोकरी सोडून आपल्या भागात हे काम आणायचं वेड त्यांनी डोक्यात घेतलं आणि खरं करून दाखवलं. आदर्श बिलोलीचा, कामात चोख, पण तोंडाला विसावा म्हणून नाही. लुंबिनी स्वतः. आणि संगमेश, शिरूर अनंतपाळहून रोज ये-जा करणारा.

संगमेशसारखा भिंती तपासणारा माणूस लुंबिनीने दुसरा पाहिला नव्हता. गेममधली भिंत म्हणजे रंगवलेला भास. तिला अडवण्याची ताकद वेगळी द्यावी लागते. कुठेतरी दोन भिंती नीट जुळत नाहीत, नखाएवढी फट राहते, आणि त्यातून खेळणाऱ्याचं पात्र शिरलं की पायाखालची जमीन संपते आणि ते करड्या पोकळीत खाली खाली पडत राहतं. ही फट शोधायला एकच उपाय. पात्राचा खांदा भिंतीला लावायचा आणि चालवत राहायचं. प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा, प्रत्येक कपाटाची मागची बाजू. आदर्शला थोड्याच वेळात जांभया सुटायच्या. मॅडमही कंटाळायच्या, फक्त दाखवायच्या नाहीत. संगमेश मात्र डोळे अर्धे मिटून बसायचा, आणि त्याची बोटं इतकी हळू चालायची की बघणाऱ्याला वाटावं, झोपलाय.

"भिंत सांगत असती," तो लुंबिनीला शिकवताना म्हणाला होता. "आपण फकस्त घाई करायची न्हाई."

फट सापडली की तो ओरडायचा नाही. ओठांचा डावा कोपरा थोडा वर जायचा आणि तो खुर्ची पुढे सरकवायचा. बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नसे. लुंबिनीच्या यायचं, कारण तो तिला आवडायचा. हे सरळच सांगून टाकलेलं बरं; तिने त्याला सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि या ऑफिसात कायदा एकच. एकदा घडलं तर ते काही नाही. तेच पुन्हा घडवून दाखवलं, तरच ते धरायचं. चारचौघांना विजेचा झटका बसला तर ते हात मागे घेतात. ही माणसं मात्र खात्री करायला परत बोट लावतात. या खोडीवरून ते एकमेकांना मनसोक्त चिडवायचे, आणि मनातून त्यांना तिचा अभिमानही होता.

२

नवा गेम आला तो परदेशातल्या एका छोट्या कंपनीचा. मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक मोठा बंगला, आणि खेळणारा त्याचा राखणदार. वादळ यायच्या आत सगळ्या खोल्यांतून फिरायचं, खिडक्या लावायच्या, दिवे मालवायचे. आदर्श म्हणाला, "हे तर माझी माय रोज करती, तिला कुणी गेम म्हणलं न्हाई." सगळे हसले आणि कामाला लागले.

बंगला फार देखणा होता. लाकडी जिन्याची कुरकुर, पडद्यांची सळसळ, एकेक वस्तू कुणीतरी जीव लावून केलेली. संगमेशने पहिल्या दिवशी नुसतंच फिरून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून खांदा लावला. तळमजला झाला, वरचा मजला झाला, कुठे फट म्हणून नाही. "पक्कं बांधकाम हाय," तो कौतुकाने म्हणाला.

जिन्याखाली एक कोठीची खोली होती. तिच्या आतल्या कोपऱ्याशी आल्यावर त्याच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. लुंबिनी खुर्ची घेऊन शेजारी गेली. पडद्यावर राखणदाराचा खांदा भिंतीत शिरला, मग छाती, मग सगळा माणूसच. आता तो पडणार म्हणून ती बघत राहिली. पडला नाही. काळोखात उभा होता, पायाखाली काहीतरी होतं.

"आवाज ऐक," संगमेश म्हणाला आणि आपला हेडफोन तिच्या कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग दूरवर, संथपणे, खटक्. थोड्या वेळाने पुन्हा, खटक्.

तिने हेडफोन काढला. डोक्यावर पंखा फिरत होता. खटक्. परत कानाला लावला. खटक्. आणि पंख्यामागून कीबोर्डची टकटक, आणि आदर्शचं घसा साफ करणं. तिने वळून बघितलं, तर आदर्शचा हात अजून गळ्यापाशीच होता.

"माईक चालू राहिला असंल," ती म्हणाली.

"माईक हाय कुठं या मशीनला?"

खरंच नव्हता. तरी त्यांनी सगळं रीतसर केलं. इंटरनेट काढलं, मशीन बंद करून सुरू केलं, हेडफोन बदलला. आदर्शने पंख्याचं बटण बंद केलं, तर हेडफोनमधलं खटक् हळूहळू मंदावून थांबलं. चालू केलं, तर पुन्हा लागलं. आदर्श आधी हसला. मग त्याने पंख्याकडे बघितलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला.

मॅडमनी कंपनीला कळवलं. उत्तर सभ्य भाषेत आलं, की तुम्ही सांगता तशी फट आम्हाला सापडत नाही, आणि त्या कोठीच्या पलीकडे आम्ही काहीच बनवलेलं नाही, आवाज तर नाहीच नाही. लुंबिनीने आपल्या मशीनवर प्रयत्न केला, आदर्शने केला. भिंत त्यांना आत घेईना. संगमेशला मात्र हव्या तितक्या वेळा घेत होती.

३

लुंबिनीचा स्वभाव असा, की भीती वाटली की ती मोजमाप काढते. तिच्या डोक्यात एक प्रश्न अडकला होता. हेडफोनमध्ये आदर्श जवळ वाटत होता आणि ती स्वतः लांब. संगमेशचा आवाज तर आणखी लांब, जरी हेडफोन त्याच्याच मशीनचा होता. म्हणजे ऐकणारा कान कॉम्प्युटरमध्ये नव्हता. या खोलीत तो कुठेतरी ठरावीक जागी होता.

"आदर्श, चमचा घे डब्यातला," ती म्हणाली. "भिंतीवर वाजवत चल. सगळ्या हॉलला फेरी मार."

"तुला काय शिमगा वाटला काय?"

पण तो उठला. ती हेडफोन लावून, डोळे मिटून बसली. दारापासून टक टक सुरू झाली. खिडकीजवळ बारीक झाली. मागच्या भिंतीला आल्यावर वाढू लागली, आणि फळ्याच्या हिरवट चौकोनाजवळ तर इतकी मोठी झाली की तिने दचकून हात वर केला. चौकोनाच्या उजव्या अंगाला, कोपऱ्यात. कान तिथे होता.

त्या भिंतीपलीकडे खोली नाही. ती इमारतीची बाहेरची भिंत. लुंबिनी तडक गच्चीवर गेली आणि कठड्यावरून वाकून बघून आली. सिमेंटचा गिलावा, पावसाच्या पाण्याचा पाईप, पारव्यांनी केलेली घाण, आणि खूप खाली रिकामा प्लॉट, त्यात वेड्या बाभळी. तिथे माणूस सोडा, मांजरही उभं राहू शकलं नसतं. ती खाली आली तेव्हा तिच्या मनाने दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. पाईपमधून शेजारच्या क्लासचा आवाज येत असेल. मशीनचा स्पीकरच माईकसारखा वागत असेल. तसं होतं कधीकधी, तिने वाचलं होतं.

आदर्श खुर्चीत बसून चमचा रुमालाने पुसत होता. संगमेशच्या कानाला हेडफोन होता.

"आदर्श, बस झालं की वाजवणं," तो डोळे न उघडता म्हणाला.

"मी कवाचा बसलोय."

संगमेशने डोळे उघडले. त्याने हेडफोनची एक बाजू लुंबिनीकडे वळवली. टक, टक, टक. आदर्श वाजवत होता त्याच चालीवर, तितक्याच अंतराने. हॉलमध्ये शांतता होती. मग टकटक थांबली आणि दुसरा आवाज सुरू झाला. कोरड्या भिंतीवरून कापड घासत जावं तसा, लांबलचक आणि एकसारखा. जरा पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. लुंबिनी हे काम दिवसभर करत होती, म्हणून तिला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"कुणीतरी पलीकडून आपली भिंत तपासून राहिलंय," संगमेश म्हणाला. परक्या मुलखात गाववाला भेटावा तसा आनंद त्याच्या आवाजात होता.

४

त्यानंतर तो रोज ऐकत बसायचा. दिलेलं काम उरकायचा आणि मग राखणदाराला कोठीच्या भिंतीतून पलीकडे नेऊन उभा करायचा. लुंबिनी चहा घेऊन गेली की तो हळूच सांगायचा.

"आज खिडकीच्या चौकटीपाशी हाय. काल दाराच्या वर गेला होता. एक वीत सोडली न्हाई बघ त्यानं."

"कोण ते?"

"कोन का असंना. हात बघ की त्याचा. घाई न्हाई, कंटाळा न्हाई. खिळ्याच्या भोकापाशी सुदिक थांबतो. मला एवढं जमलं नसतं, लुंबिनी."

इतक्या वर्षांत संगमेशने कुणाच्या कामाची अशी तारीफ केलेली तिने ऐकली नव्हती. तिला क्षणभर चक्क हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाजही वाटली. तिने एकदा स्वतः बराच वेळ ऐकलं. खरंच काम सुंदर होतं. तो आवाज कुठे अडखळत नव्हता, गेलेल्या जागी उगाच परत येत नव्हता. शिकावं असं होतं. तिने हेडफोन खाली ठेवला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"संगमेश, आपण भिंत कशाला तपासतो?"

"फट सापडावी म्हणून."

"आन् फट सापडली की काय करतो?"

"आत जाऊन बघतो," तो अगदी सहज म्हणाला.

ती मॅडमकडे गेली. वर्षाराणी मॅडमनी तिला वेड्यात काढलं नाही. त्या उठून संगमेशच्या जागेवर बसल्या आणि हेडफोन लावून ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि तिथेच राहिला. "आठवड्याच्या शेवटी हा गेम सगळ्या मशीनवरून काढून टाकायचा," त्या म्हणाल्या. "कंपनीला काय सांगायचं ते मी सांगते. संगमेश, तुम्ही उद्यापासून दुसरं काम घ्या."

"हाव मॅडम," तो म्हणाला. त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

दुसरं काम त्याने घेतलं, पण एक हेडफोन गळ्यात लटकतच राहिला. लुंबिनीला दिसत होतं की त्याचा डबा उघडत नाही. बोललं तर तो बघायचा, पण नजर तिच्यावर येऊन थांबायला वेळ लागायचा. आणि मग एका सकाळी ती आली, तर तो त्या कोपऱ्यात उभा राहून पेन्सिलीने भिंतीवर हळूच वाजवत होता. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा.

"काय करून राहिलास?"

"तो लई लांब गेलाय. दाराच्या बाजूला काहीच न्हाई, उगं वेळ घालवून राहिलाय. म्हणलं, इकडं बघ."

तिला इतका राग आला की तिने पेन्सिल हिसकावून घेतली. "तुला कळतंय का, तू कुणाला रस्ता दाखवायलास?"

"चांगल्या कामाला वाट बघायला लावू नये," तो म्हणाला. "त्याला सापडणारच हाय. मी फकस्त त्याचे चार दिवस वाचवले."

"संगमेश, घरी जा. दोन दिवस सुट्टी घेऊन आईपाशीच थांब. मी मॅडमला सांगते."

"गेम निघू दे, मग जातो."

तिला म्हणायचं होतं, की मला तू हवा आहेस. जसा आहेस तसा, या भिंतीच्या अलीकडे. शब्द ओठापर्यंत आले होते. पण आदर्श जिना चढत गाणं म्हणत आला आणि ते तिथेच राहिलं. आता आठवडा संपेपर्यंत याला सांभाळायचं, एवढंच तिने मनाशी धरलं.

५

शेवटच्या दिवशी दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालायचे, पंखा चालत नसे. मॅडम आणि आदर्श खाली मेसमध्ये जेवायला गेले होते. संगमेश उठत नाही म्हणून लुंबिनीही बसली होती. बाहेर कडक ऊन होतं, खिडकीतून त्याची पट्टी पार टेबलापर्यंत आली होती, आणि खालून ताटवाट्यांचा आवाज येत होता.

पंखा थांबला आणि तिला ते ऐकू आलं. हेडफोन टेबलावर पडला होता. तिच्या कानाला काहीच नव्हतं. तरी तो आवाज हॉलमध्ये होता, मागच्या भिंतीत, डोक्याच्या उंचीला. कापड घासल्यासारखा, संथ.

संगमेश उठला. त्याने चपला काढून ठेवल्या, देवळात जाताना काढतात तशा. हिरवट चौकोनाच्या डाव्या कडेला जाऊन त्याने खांदा भिंतीला लावला.

"संगमेश, इकडं ये."

"थांब जरा. अगदी जवळ हाय."

तो चालू लागला. त्याच्या शर्टाची चौकड्यांची बाही भिंतीवर घासली गेली, आणि पलीकडचा आवाज त्याच्यासोबत निघाला. दोन आवाज होते, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि दोन्हींची चाल इतकी सारखी होती की लवकरच तिला ते वेगळे करता येईनात. ती उभी राहिली. इतकं निगुतीचं काम चाललं असताना मधे बोलू नये, असं तिला वाटलं. नंतर त्या वाटण्याची तिला फार शरम आली.

कोपऱ्यात दोन्ही आवाज थांबले.

आणि मग तिला दिसलं की त्याचा खांदा दिसत नाही. बाहीच्या चौकड्या एका सरळ रेषेत संपत होत्या, कात्रीने कापल्यासारख्या. भिंतीला तडा नव्हता, पोपडा उडाला नव्हता. चुना होता तसाच होता. संगमेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठांचा डावा कोपरा वर गेला होता.

"लुंबिनी," तो म्हणाला, "किती सुबक हाय बघ."

छातीचा अर्धा भाग भिंतीत गेला. ती धावली. बाहेर राहिलेल्या हाताचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं, एक पाय भिंतीला लावला आणि ओढलं. तिने त्याला हाक मारली, आदर्शला मारली, स्वतःच्या आईलाही मारली. मनगट ऊबदार होतं, नाडी शांत चालत होती. विरुद्ध बाजूने कुणी ओढत असावं असं नव्हतं. तो आपण होऊन चालला होता, आणि त्याच्या चालण्याला घाई नव्हती.

मग ते मनगट तिच्या हातात वळलं आणि त्या बोटांनी तिचा हात धरला.

त्याच वेळी तिने त्या रेषेत पाहिलं. अरुंद दारातून दोन माणसं एकमेकांना वाट देण्यासाठी आडवी होतात, तसं काहीतरी तिथे होत होतं. एक बाही आत जात होती. एक बाही बाहेर येत होती. दोन्हींवर चौकड्या होत्या. तिने डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं.

ते दोघंही जमिनीवर पडले. संगमेश तिच्या अंगावर होता, अख्खा, शर्टाच्या शेवटच्या गुंडीसकट. खालून पळत आलेल्या मॅडमना आणि आदर्शला एवढंच दिसलं, की उन्हाने घेरी येऊन माणूस पडला असावा. आदर्शने पाणी आणलं. संगमेशने तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला, थांबला, पुन्हा एक घोट घेतला. लुंबिनी रडत होती आणि हसतही होती. त्याला परत आणलं, याचा तिला इतका आनंद झाला होता की भिंतीकडे बघायचंही राहून गेलं.

६

गेम काढून टाकला. कोठीची खोली गेली, तो काळोखही गेला. कंपनीने चार ओळींत आभार मानले. नवं काम आलं आणि ऑफिसची गाडी रुळावर आली.

संगमेश तर आता बघत राहावं असं काम करायचा. पूर्वीही तो चांगला होताच, पण त्याच्याही हातून क्वचित एखादा कोपरा सुटायचा. आता सुटत नव्हता. तो जेवायला लागला होता, वेळेवर येत होता, आदर्शच्या विनोदांना हसत होता. मॅडम एकदा लुंबिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बरं झालं गं, माणूस वाचला. आणि काम तर काय करतोय, मी असं काम पुण्यातसुद्धा पाहिलं नाही." लुंबिनीने मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं. खटकत होतं ते एवढंच, की हसू यायच्या आधी तो अगदी किंचित थांबतो.

एका दुपारी डबे उघडले होते. आदर्श हेडफोन लावून पडद्याला डोळे लावून जेवत होता. तिने सहज विचारलं, "आईनं काय दिलं आज?"

"ज्वारीची भाकर, अन् शेंगदाण्याची चटणी. म्हणली, संगू, आज भाकर जरा करपली बघ." तो हसला आणि अंगठ्याने डावी भुवई चोळली.

तीही हसली. डबे आवरताना, का कोण जाणे, तिने पुन्हा विचारलं. चांगल्या सवयीची माणसं अशीच फसतात. ज्याला इतर कुणी हातही लावला नसता, ते तिने पुन्हा करून बघितलं.

"ज्वारीची भाकर, अन् शेंगदाण्याची चटणी. म्हणली, संगू, आज भाकर जरा करपली बघ." हसला. अंगठ्याने डावी भुवई चोळली.

चहाच्या वेळी तिने तिसऱ्यांदा विचारलं. तेच शब्द आले. 'संगू'नंतरचा श्वासही त्याच जागी. हसू तेवढंच, भुवईवरून अंगठा तेवढाच फिरला. माणूस एकच गोष्ट परत सांगताना थोडीफार बदलतो, निदान "किती वेळा विचारशील?" तरी म्हणतो. लुंबिनीने कप न बघताच खाली ठेवला आणि थोडा चहा टेबलावर सांडला. तो ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि त्याची नजर त्याच्या मागोमाग कडेपर्यंत गेली.

मग त्याने वर पाहिलं. चेहरा संगमेशचा होता, आणि त्यावर तिच्याबद्दल नुसतं कौतुक होतं.

"तू काय केलतंस आज?" त्याने विचारलं.

"मेथी," ती म्हणाली. "मीच केली. मीठ जरा जास्त पडलं."

"छान. परत सांग बरं."

तिने गप्प बसायला हवं होतं. पण कुणी विचारलं की माणूस बोलून टाकतो. "मेथीची भाजी केली होती. खारट झाली थोडी, पण खाल्ली."

तो ऐकत होता. असं लक्ष देऊन तिचं बोलणं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. घरच्यांनी नाही, आणि पूर्वीच्या संगमेशने तर कधीच नाही.

"पहिल्यांदा 'खाल्ली' न्हवतीस म्हणली," तो हळूच म्हणाला. "आन् 'खारट' म्हणताना आवाज खाली गेला. मगाशी 'मीठ' म्हणताना न्हवता गेला."

आदर्श पलीकडे हेडफोन लावून मान हलवत होता. पंखा फिरत होता. लुंबिनीला ओरडता आलं असतं; हॉलमध्ये लख्ख उजेड होता आणि मॅडम दाराशी फोनवर बोलत होत्या.

त्याच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. त्याने खुर्ची पुढे सरकवली, अगदी तिच्या खुर्चीला लागेपर्यंत, आणि आपला खांदा तिच्या खांद्याला लावला. जोर नव्हता. नुसता टेकवला आणि डोळे अर्धे मिटून, दमाने, पुढे रेलू लागला.

तो खांदा ऊबदार होता. इतक्या दिवसांत तिने मनातल्या मनात मागितलं होतं ते एवढंच. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आपल्या दंडाच्या आत, हाडाशी, काहीतरी अलगद वाट करून देतंय हे तिला स्पष्ट कळलं. तरी ती उठली नाही.